बेल्ह्याची देवी आणि रत्ना डोळस

ओतूरच्या एसटी स्टँडसमोर संपतचं बियाण्यांचं दुकान होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर माणसांच्या मनाचं केंद्र. खाली पिकांवर फवारायची औषधं, वर मनाचा इलाज. वास मात्र दोन्हीकडे एकच यायचा, खालचा. पुण्याच्या एका ट्रस्टनं सत्त्याण्णव साली ते केंद्र काढलं तेव्हा जिन्याशी निळी पाटी लावली होती, ‘मानसिक आरोग्य व समुपदेशन केंद्र’. लोक पाटी वाचायचे आणि संपतला विचारायचे, “येरवड्याची शाखा निघाली काय राव हितं?” संपत म्हणायचा, “मला न्हाई म्हाईत, मी नुसतं भाडं घेतो.” वर कोणी चढायचं नाही.

केंद्रात नेमलेल्या रत्ना डोळसनं शेवटी स्वतःच पाटी बदलून घेतली. ‘झोप न लागणे, छातीत धडधड, कारण नसताना डोकेदुखी, घरातली कटकट.’ दुसऱ्याच बाजाराच्या दिवशी जिन्यावर रांग लागली. बहुतेकांना चारही दुखणी होती.

रत्ना पिंपळवंडीची. वडील भागुजी एसटीत कंडक्टर. आजी जानकाबाई छपन्न सालानंतर ज्या घरांनी देव बाहेर काढले त्यांतली. तिनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून विहिरीत सोडले आणि त्या कोनाड्यात कंदील ठेवला. रत्नाच्या लहानपणी कंदिलाचीही गरज राहिली नव्हती, कोनाड्यात रेडिओ होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली रेडिओ, आणि समोर अभ्यास करणारी रत्ना. ओतूरच्या कॉलेजात बी.ए., पुण्यात मानसशास्त्रात एम.ए., आणि मग परत घरापासून जवळच नोकरी. भागुजीला मुलगी नेमकं काय करते हे सांगता यायचं नाही. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “लोकांचं ऐकून घेती. सरकारी न्हाई, पण कायम हाय.”

महिन्यातून एका शनिवारी पुण्याहून डॉक्टर वासंती लेले यायच्या. ट्रस्टच्या त्या तज्ज्ञ. महिनाभर आलेल्या माणसांविषयी रत्नानं त्यांना सांगायचं आणि त्यांनी तिचं कुठं चुकतंय ते दाखवायचं, याला सुपरव्हिजन म्हणत. सुरुवातीची काही वर्षं ती सुपरव्हिजन म्हणजे लाल शाईचं काम होतं. “तू पेशंटला सल्ला का दिलास? सल्ला द्यायचा नाही. त्यांना विचारायचं, तुम्हाला आत काय वाटतंय?” रत्ना विचारायची. ओतूरच्या बाजारात भाजी विकून आलेली बाई पदरानं घाम पुसत म्हणायची, “आत? आत काय वाटायचं, उकाडाच वाटतोय.” हे रत्ना मॅडमना सांगायची आणि मॅडम म्हणायच्या, “हा रेझिस्टन्स आहे. मन उघडायचं टाळतायत.” रत्नाला वाटायचं, असेलही, पण खोलीला पंखा नव्हता हेही खरं होतं.

तरी लेलेबाईंचं येणं रत्नाला हवंसं होतं. बाई कडक होत्या, पण हुशार होत्या. चूक दाखवायच्या म्हणजे निदान वाट तरी दिसायची.

दोन हजार दोन साली लेलेबाई परदेशात कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्या आणि बदलून आल्या. पहिल्याच शनिवारी त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. सतरंजी मागवून खाली बसल्या. “रत्ना,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मी तुला शिकवत होते. खरं तर तुझ्याकडून शिकायला हवं होतं. याला सांस्कृतिक विनम्रता म्हणतात. समोरच्याची संस्कृती आपल्याला कळते असा अहंकार धरायचाच नाही. या मातीतली तू आहेस. आजपासून तू सांगायचंस, मी ऐकणार.”

रत्ना त्या दिवशी तीन अवघड माणसांचे प्रश्न घेऊन बसली होती. एक पोरगा इमारतीवरून खाली बघायला घाबरायचा आणि नेमका गवंड्याच्या हाताखाली होता. बाईंनी ते सगळं मान हलवत ऐकलं आणि शेवटी विचारलं, “तुला काय वाटतं, तुमच्याकडे याकडे कसं बघतात?”

“तुमच्याकडे म्हणजे कुठं, मॅडम?”

“इथे. गावाकडे.”

“गावाकडं म्हणतात, दुसरं काम बघ.”

“वा,” लेलेबाई म्हणाल्या आणि ते लिहून घेतलं.

त्यानंतर महिन्यामागून महिने बाई विनम्र होत्या आणि रत्ना एकटी. आधी चुकलं तर कळायचं. आता काहीही सांगितलं तरी बाईंच्या चेहऱ्यावर दर्शनाला आल्यासारखा भाव असायचा. सतरंजीचा त्रास वेगळाच. बाई खाली बसल्या म्हटल्यावर दाखवायला आलेल्या माणसांनाही खाली बसावं लागे, आणि निम्म्यांचे गुडघे गेलेले. एक म्हातारा रत्नाला कानात म्हणाला, “बाईंना खुर्ची द्या की. पुन्याच्या हायेत, बरं दिसत न्हाई.”

असं चाललेलं असताना बेल्ह्याहून प्रयागबाई आल्या.

प्रयागबाई पन्नाशीच्या, मोठ्या बागायतदार घरातल्या. सोबत नवरा कुंडलिक. बैलबाजारात बैल पारखावा तशी माणसं बघणारा तो माणूस. वर येताच त्यानं रत्नाला विचारलं, “तुमी कुठल्या डोळस?”

“पिंपळवंडीच्या.”

“पिंपळवंडीत डोळस कुठल्या आळीला?”

“विहाराजवळ,” रत्ना म्हणाली.

“असं व्हय,” कुंडलिक म्हणाला आणि खुर्ची जराशी मागं घेतली. पंख्याचं वारं नीट लागावं म्हणूनही असेल, कारण पंखा तोवर आला होता. रत्नानं दोघांना माठातलं पाणी दिलं. प्रयागबाई म्हणाल्या, “मला उपास हाय.” पुढं जितक्या वेळा त्या केंद्रात आल्या तितक्या वेळा त्यांना नेमका उपास असायचा.

तक्रार कुंडलिकनंच मांडली. दर पौर्णिमेला बायकोच्या अंगात देवी येते. आठेक वर्षं झाली. घुमते, केस सोडते, आणि सगळ्या घरादारासमोर त्याला ‘ये कुंडल्या’ म्हणून हाक मारते. “एरवी नाव घ्यायला सांगितलं तर उखाणा जुळवत बसती. आणि पुन्नव आली की कुंडल्या. मानसं हसत्यात ताई. भगत झाले, गंडे झाले. आता पोरगा म्हनतो, ओतूरला दाखवा.”

प्रयागबाई खाली मान घालून बसल्या होत्या. “मला काय कळत न्हाई त्या टायमाला,” एवढंच म्हणाल्या.

 रत्नानं पुस्तकात अंगात येण्यावर वाचलं होतं, पण त्याआधी घरात ऐकलं होतं. जानकाबाई सांगायची: लग्न होऊन आली तेव्हा गावातल्या देवीच्या जत्रेत ती नवस घेऊन गेली होती आणि तिला नारळ पायरीखालूनच फेकायला लावला होता. आतल्या बाईच्या अंगात देवी आलेली होती आणि ती देवी ओरडत होती, “लांब व्हा.” जानकाबाई म्हणायची, “देवीला बी आमची जात म्हाईत व्हती.” तेव्हा देवी हा विषय रत्नाच्या दृष्टीनं मिटलेला होता.

शनिवारी तिनं लेलेबाईंना हे प्रकरण सांगितलं, आजीचं सोडून. बाईंचे डोळे चमकले. “देवी,” त्या हळूच म्हणाल्या. “रत्ना, इथे आपण अतिशय जपून पावलं टाकायला हवीत. हा आजार नाही, ही परंपरा आहे. मला सांग, तुमच्या घरी देवी अंगात आली की काय करतात?”

“आमच्या घरात देवी नाही, मॅडम.”

“म्हणजे दुसरं दैवत?”

“देवच नाहीत. आम्ही बौद्ध आहोत.”

खाली संपत कुणाला तरी टोमॅटोच्या रोपांबद्दल सांगत होता, ते स्पष्ट ऐकू येऊ लागलं. लेलेबाई लाल झाल्या. पाच वर्षं दर महिन्याला समोर बसणारी ही मुलगी. तिचं आडनाव, गाव, पदवी सगळं त्यांना ठाऊक होतं आणि हे विचारायचं राहून गेलं होतं. मग त्या माफी मागायला लागल्या. इतकी मागितली, इतक्या तऱ्हांनी मागितली, की शेवटी रत्नालाच त्यांची समजूत घालावी लागली. “असू दे मॅडम. चहा सांगू का?” चहा आला तोवर वेळ संपला होता. जाताना बाई म्हणाल्या, “तुला योग्य वाटेल तसं कर. मी कोण सांगणारी?”

रत्नाला योग्य वाटलं तेच तिनं केलं. आणि तेही लेलेबाईंनीच आधीच्या कडक दिवसांत शिकवलेलं होतं. देवी येण्याआधी मानेला मुंग्या येतात हे प्रयागबाईंकडून काढून घेतलं. मुंग्या आल्या की थंड पाण्यानं तोंड धुवायचं, अंगणात येरझाऱ्या घालायच्या, श्वास मोजायचा. आणि घरच्यांना बोलावून सांगितलं, “अंगात आलं तर आरती नको, हळदीकुंकू नको, प्रश्न विचारायचे नाहीत. कुणी लक्ष द्यायचं नाही. लक्ष मिळालं नाही की आपोआप कमी होतं.”

कुंडलिकनं ते पुन्हा म्हणून घेतलं. “लक्ष द्यायचं न्हाई.”

“अजिबात नाही.”

“जमंल,” तो म्हणाला.

दोन पौर्णिमा देवी चिडली, तिसऱ्या पौर्णिमेला नुसती मानेशी आली आणि परत गेली, आणि चौथ्या पौर्णिमेला आलीच नाही. कुंडलिकनं संपतच्या दुकानाशी टेम्पो थांबवून कांद्याची गोणी वर चढवली. रत्नानं नको म्हटलं तर म्हणाला, “घ्या ताई. घरात इतकी शांतता लगीन झाल्यापासून नव्हती.” ती गोणी उरकता उरकेना, अर्धी संपतनं नेली. शनिवारी रत्नानं यश सांगितलं. ‘मला देवीतलं काही कळत नव्हतं, तरी जमलं,’ असंही जरा तोऱ्यात म्हणाली. लेलेबाई म्हणाल्या, “तुझी पद्धत मी समजून घेतेय.” पद्धत त्यांचीच होती, पण ते म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं.

प्रयागबाई त्यानंतर फिरकल्या नाहीत. रत्नानं ते बरं झाल्याचं लक्षण धरलं.

माघात त्यांची सून समृद्धी एकटीच आली. पाटीवरच्या यादीतली डोकेदुखी तिनं सांगितली, मग थोडा वेळ पदराच्या टोकाशी खेळली आणि म्हणाली, “माझं डोकं नाय दुखत. सासूबाईंचं बोलायचं हाय.”

“पुन्हा अंगात येतंय का?”

“न्हाई ना. तेच तर.” समृद्धी सांगू लागली. प्रयागबाई बोलतच नव्हत्या. पहाटे उठायच्या, गोठ्यात जायच्या, परत येऊन भिंतीकडं तोंड करून पडायच्या. भाकरी चतकोर. मीठ जास्त झालं तरी बोलत नव्हत्या, आणि हे समृद्धीला सगळ्यात भयंकर वाटत होतं. “आणि मामंजींना काय सांगायला गेलं, की आत्यांना डॉक्टरकडं न्या, तर म्हणत्यात, ओतूरच्या ताईंनी सांगितलंय, लक्ष द्यायचं न्हाई. रोजच तसं करत्यात. त्या बोलत व्हत्या तवाबी दुसरीकडं बघायचे. इलाज चालू हाय म्हणत्यात.”

रत्नानं तिला पाणी दिलं. समृद्धी ते प्यायली आणि पेला विसळून, पालथा घालून गेली.  तिच्या सगळ्या पेशंटांत तिचा सल्ला इतक्या निष्ठेनं कुणीच पाळला नव्हता.

पुढच्या शनिवारी लेलेबाई सतरंजी पसरू लागल्या तेव्हा रत्ना म्हणाली, “मॅडम, आज खुर्चीवर बसा. माझं चुकलंय, आणि कुठं चुकलं ते मला कळत नाही. आज मला विनम्रता नकोय.”

लेलेबाई खुर्चीवर बसल्या. रत्नानं सगळं सांगितलं. या वेळी बाईंनी काही लिहून घेतलं नाही. मग त्यांनी त्यांच्या जुन्या, जरा धारेच्या आवाजात विचारलं, “अंगात आली की ती देवी काय बोलायची?”

“नवऱ्याला नावानं हाक मारायची.”

“ती हाक झाली. पुढे काय बोलायची?”

रत्नाला माहीत नव्हतं. कित्येक भेटी झाल्या. मानेला मुंग्या कुठल्या बाजूनं येतात हेसुद्धा तिनं विचारलं होतं, आणि हे विचारलंच नव्हतं.

“का नाही विचारलंस?”

“मला ऐकायचंच नव्हतं,” रत्ना म्हणाली, आणि मग तिनं जानकाबाईचा नारळ सांगितला. पायरीखालून फेकलेला. ‘लांब व्हा’ सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढला. शेवटी म्हणाली, “तुम्ही म्हणता परंपरेचा मान ठेवा. त्या परंपरेनं आमचा ठेवला नव्हता.”

लेलेबाईंनी या वेळी माफी मागितली नाही. त्या म्हणाल्या, “मी तुला अख्खं गाव समजत होते. एका गावात किती गावं असतात हे मला विचारायला हवं होतं. देवीसमोर मान तुकवली की माझं काम झालं असं मला वाटलं. ते सोपं होतं. आमच्या घरात देवी कुणाला लांब व्हा म्हणाली नाही. निदान मला ऐकू आलं नाही.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “पुढे काय करायचं ते मलाही माहीत नाही. पण तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. तू जाशील?”

रत्ना बेल्ह्याला गेली. कुंडलिक बाजाराला गेला होता. पडवीत तिला खुर्ची दिली. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून चहा आला आणि रत्नाला लग्नातला उरलेला प्लॅस्टिकचा कप. “नवाकोरा हाय,” प्रयागबाईंच्या जाऊबाई म्हणाल्या. रत्ना असले कप ओळखत होती. ते नेहमी नवेकोरेच असतात. तिला उठून जावंसं वाटलं. मग वाटलं, उठून गेलं तर आपलं समाधान होईल, आणि दुसरं काहीच होणार नाही. तिनं चहा घेतला. तो बरा नव्हता.

जाऊबाई आत गेल्यावर ती म्हणाली, “मावशी, देवी काय बोलायची?”

प्रयागबाई भिंतीकडं बघत होत्या. “तुमी तर म्हणल्या, इचारायचं न्हाई.”

“मी चुकीचं सांगितलं.”

प्रयागबाईंनी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. “चुकीचं सांगितलं? डॉक्टरनं?”

“मी डॉक्टर नाही. पण हो, चुकीचं.”

त्यावर प्रयागबाई उठून बसल्या. आधी तुटक, मग सलग बोलल्या. त्यांचं माहेर तिकडं आंबेगावात, घोड नदीच्या काठची एक वाडी. डिंभ्याचं धरण झालं आणि वाडी पाण्यात गेली. माणसं चार दिशांना गेली. भाऊ एका नव्या गावठाणात, बहीण मुंबईला. वाडीत वडजाईचं ठाणं होतं. लहानपणी दिवा लावायचं काम प्रयागबाईंचं. पाणी चढलं तेव्हा इकडं कांदा काढणी चालली होती आणि कुंडलिक म्हणाला, पाणी काय बघायचं त्यात. त्या गेल्या नाहीत. त्या सालापासून देवी येऊ लागली. “ती म्हणायची, कुंडल्या, मला माझ्या जाग्यावर ने. बुडून ऱ्हायलीये मी. एवढंच म्हणायची. दुसरं काय मागत नव्हती.”

“आणि काका काय म्हणायचे?”

“व्हय आई, नेतो. आन सकाळी इसरायचे.”

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं आणि जुन्या वाड्यांची जोती वर येतात. कुंडलिक तयार झाला नाही. लक्ष द्यायचं नाही, हा इलाज त्याला मानवला होता. मुलगा पप्पू, समृद्धीचा नवरा, जनावरं वाहायचा टेम्पो धुऊन घेऊन आला. पुढं प्रयागबाई आणि रत्ना, मागं फळीवर समृद्धी. नारायणगाव, मंचर, घोडेगाव. डिंभ्याच्या पुढं रस्ता संपला तिथून चालत.

चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. प्रयागबाई त्यावरून अशा चालत होत्या, की जणू काही त्यांना कुणी हाक मारली होती. “हे आमचं दार. हा रांजण ठेवायचा कट्टा. हितं न्हाणी.” दिसत होते नुसते दगड. मग एक चौथरा आला, तीन पायऱ्यांचा, वर भिंतींची दोन-दोन थरं उरलेली. प्रयागबाईंनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि मागं वळून पाहिलं. रत्ना पायरीखालीच थांबली होती.

“नमस्कार न्हाई करायचा?”

“नाही, मावशी. आम्ही देव मानत नाही.”

“का पण?”

 त्या रखरखीत उन्हात रत्नानं दुसऱ्यांदा आजीचा नारळ सांगितला. लेलेबाईंना सांगितला होता तसा चढ्या आवाजात नाही, साधा. प्रयागबाईंनी ऐकून घेतलं. “त्या देवीचं मला म्हाईत न्हाई,” त्या म्हणाल्या. “आमच्या वाडीत बी तसंच असंल. मी कवा बघितलं न्हाई, कोण खाली उभं ऱ्हातं.” मग म्हणाल्या, “तू थांब मग हितं. माझ्या चपलांकडं बघ.”

हा अपमान होता की विश्वास, हे रत्नाला ठरवता आलं नाही. त्या ओसाड तळात चपला चोरायला कोणी नव्हतं. तरी ती चपलांपाशी उभी राहिली.

प्रयागबाई वरून लगेच खाली आल्या. “आत काय न्हाई,” त्या म्हणाल्या. “दगड बी न्हाई.”

जवळच एक मासेवाला कोरड्यात आणलेल्या होडीला डांबर लावत होता. सावळेराम नावाचा. पप्पूनं त्याला विचारलं. “वडजाई व्हय?” तो ब्रश न थांबवता म्हणाला. “ती तवाच वर नेली की. पाणी चढायच्या आदी, वाजतगाजत. नव्या गावठाणात हाय, घोडेगावच्या अंगाला. फरशीबिरशी बसवलीये. पंखा हाय.”

प्रयागबाई पायरीवर बसल्या. “तवाच नेली?”

“व्हय. लई मानसं व्हती. जेवणावळ झाली.”

“मला कुणी कळवलं न्हाई,” प्रयागबाई म्हणाल्या. आणि मग, सगळ्यांना उद्देशून, “ती फरशीवर बसलीये, मग माझ्यात कोण येत व्हतं बुडलेलं?”

पप्पूनं नदीकडं पाहिलं. समृद्धीनं रत्नाकडं पाहिलं, कारण असल्या प्रश्नांचा पगार रत्नाला मिळत होता.  पुस्तकातलं उत्तर तिच्या जिभेवर होतं, ते तिनं तसंच ठेवलं. प्रयागबाई रडल्या, चांगल्या मोठ्यानं आणि बराच वेळ. आठ वर्षांचं राहिलेलं होतं. समृद्धी त्यांना धरून बसली.

चौथऱ्यावर देवी नव्हती, तेव्हा रत्नाला वर जायला हरकत नव्हती आणि ती वर येण्याला प्रयागबाईंचीही नव्हती. सगळे वर सावलीच्या पट्ट्यात बसले. प्रयागबाईंची बाटली टेम्पोतच राहिली होती. त्यांनी रत्नाच्या बाटलीकडं थोडा वेळ पाहिलं, मग हात पुढं केला. वरून धार धरून प्यायल्या. त्या सगळ्यांचंच पाणी तसं पितात की काय, हे रत्नानं पाहिलेलं नव्हतं आणि तिनं त्याचा निकाल लावायचा नाही असं ठरवलं.

पुढं प्रयागबाई जेवू लागल्या. मिठावरून सुनेला बोलू लागल्या. श्रावणी पौर्णिमेला देवी पुन्हा आली. या वेळी तिनं मागणं बदललं होतं: “कुंडल्या, मला फरशीवर ने.” कुंडलिक दुसऱ्याच दिवशी ओतूरला हजर झाला.

“इलाज अर्धवट ऱ्हायला ताई.”

“त्या म्हणतात तिकडं त्यांना घेऊन जा,” रत्ना म्हणाली. “आणि बोलतात ते ऐका. पौर्णिमा नसतानाही.”

“तुमीच म्हणला व्हता, लक्ष द्यायचं न्हाई.”

“माझं चुकलं होतं.”

कुंडलिकला हे रुचलं नाही. चूक कबूल करणारा माणूस त्यानं बैलबाजारात कधी पाहिला नव्हता आणि दवाखान्यात तर नाहीच. ‘त्या बाईचं काय खरं न्हाई, आज एक सांगती उद्या एक,’ असं तो बेल्ह्यात सांगत फिरला. त्याचा परिणाम असा झाला, की त्या बाजूच्या पुरुषांचं केंद्रात येणं बंद झालं आणि बायकांचं दुपटीनं वाढलं. प्रयागबाईंना त्यानं नव्या गावठाणात नेलंच. टेम्पोत बसून राहिला, पण नेलं.

वर्षभरानं पुण्यात एक चर्चासत्र झालं. लेलेबाईंनी हे प्रकरण नावं बदलून मांडलं; स्वतःच्या चुका सांगितल्या, सतरंजीसकट. लोक हसले. मग त्यांच्या एका सहकाऱ्यानं रत्नाची ओळख करून दिली, ‘मातीशी नाळ असलेली आपली सांस्कृतिक मार्गदर्शक’. कुणीतरी विचारलं, “ग्रामीण देवीउपासनेबद्दल दोन शब्द सांगाल?”

“मला त्यातलं काही माहीत नाही,” रत्ना म्हणाली.

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. याला म्हणतात विनम्रता, असं मागच्या रांगेतलं कोणी म्हणालं, आणि टाळ्या पडल्या. रत्नानं लेलेबाईंकडं पाहिलं. लेलेबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

दोन हजार आठपर्यंत लेलेबाईंचं प्रवास करणं कमी झालं होतं आणि नवीन समुपदेशकांची सुपरव्हिजन रत्नाकडं आली होती. तेजस्विनी नावाची मुलगी जुन्नरहून यायची. तीही बौद्ध घरातली, आईवडील दोघं शिक्षक. रत्नाला हायसं वाटलं होतं. हिला काही समजावून सांगावं लागणार नाही. एकदा तेजस्विनीनं मार्गशीर्षातले गुरुवार धरणाऱ्या एका बाईचं सांगितलं. रत्ना म्हणाली, “तुला-मला हे आतून कळायचं नाही. आपल्यात नसतंच ते.” 

तो दिवसही गुरुवारचाच होता. दुपारी तेजस्विनीनं डबा उघडला नाही.

“बरं नाही का?”

“उपवास आहे, ताई.”

“कसला?”

“मार्गशीर्षातला. आई धरते. मीही धरते.”

रत्नाच्या अंगात जानकाबाई उभी राहिली. विहीर, टाक, नारळ, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा, सगळं एका दमात सांगायला तयार. तिनं पाण्याचा घोट घेतला. मग खुर्ची जरा पुढं ओढली.

“तुझ्या आईनं कधीपासून धरले?” तिनं विचारलं.

तेजस्विनीनं तिच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला. “सांगते, पण तुम्ही मध्ये बोलणार नसाल तर.”

“नाही बोलत.”

तेजस्विनी सांगू लागली. रत्ना मध्ये बोललीच. पण निदान अर्धं ऐकून झाल्यावर.